यंदा ईस्टर उशिरा

चर्चच्या मागच्या गल्लीत, बेकरी आणि सायकलदुरुस्तीच्या दुकानाच्या मधे, एका शिंप्याचं दुकान होतं. दुकानाला पाटी होती, पाटीवर नावही होतं, पण ते कुणी वाचल्याचं ऐकिवात नाही. सगळे म्हणत, कॅलेंडरकाकांकडे टाक. हे नाव ठेवलं चर्चच्या मंडळीतल्या पोरांनी, आणि पुढे त्या पोरांच्या आईबापांनीही उचललं. काकांना ते माहीत होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं, पण तसं त्यांनी कुणाला कळू दिलं नाही.

नाव पडायला कारणही तसंच होतं. चर्चच्या वर्षातला कुठला काळ चालू आहे याबद्दल काका इतके कडक होते की चर्चचे धर्मगुरू, खुद्द पाळकसाहेब, त्यांच्यासमोर जपून बोलत. नाताळच्या आधीचे आठवडे म्हणजे आगमनकाळ, वाट बघण्याचे दिवस. त्या दिवसांत कुणी नाताळचं गाणं नुसतं गुणगुणलं तरी काकांच्या कपाळाला आठी पडे. "अजून जन्मायचाय तो," ते म्हणत, "त्या माउलीला जरा श्वास तरी घेऊ दे." राखेच्या बुधवारपासून, येशू थडग्यातून उठला त्या ईस्टरपर्यंत उपवासकाळ, आणि त्या काळात उपासनेत हालेलुया हा आनंदाचा शब्द म्हणायचा नाही अशी या मंडळीची रीत. इतर लोक चर्चमध्ये म्हणत नसत. काका घरीही म्हणत नसत, रस्त्यातही नाही. एकदा त्या दिवसांत बेकरीवाल्याच्या रेडिओवर तो शब्द लागला, तेव्हा काका गिऱ्हाइकाचं माप अर्धवट टाकून रेडिओ बंद करायला सांगून आले. स्वतःच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न त्यांनी याच पायी लांबवलं. मुलाकडच्यांना सोयीची तारीख नेमकी उपवासकाळात येत होती. काका म्हणाले, मग मुलगा थांबेल. मुलगा थांबला. त्याच्या वडिलांनी मात्र ती गोष्ट अजून डोक्यातून काढलेली नाही.

चर्चच्या वेदीवर जे मोठं वस्त्र घालतात, त्याचा रंग काळाप्रमाणे बदलतो. वाट बघण्याच्या आणि पश्चात्तापाच्या दिवसांत जांभळं, नाताळला आणि ईस्टरला पांढरं, पवित्र आत्मा उतरला त्या पेन्टेकॉस्टच्या रविवारी लाल, आणि उरलेल्या साध्यासुध्या रविवारांना हिरवं. ही सगळी वस्त्रं काकांच्या हातची. त्यांची शिलाई, धुलाई, इस्त्री, डागडुजी, सगळं त्यांच्याकडे. जांभळं एकच होतं आणि खिडकीकडच्या बाजूने पार विटलं होतं. नवं शिवू या म्हटलं की काका म्हणत, पश्चात्ताप कशाला नवाकोरा हवा?

आणि वस्त्र बदललं की त्या रविवारी, शास्त्रपाठ वाचून झाल्यावर, काका पुढे जाऊन आपल्या चार ओळी वाचत. ही रीत अपघातानेच पडली. मशीन चालवताना त्यांना ओळी सुचत आणि हाताशी जो कागद असेल त्यावर ते लिहून टाकत. हाताशी बहुधा कपडा बेतायचा खाकी कागदच असे. असाच एक कपटा टाचणीसकट जांभळ्या वस्त्राला चिकटून चर्चमध्ये गेला. तेव्हाचे पाळकसाहेब, जे आता हयात नाहीत, त्यांना तो सापडला आणि त्यांनी तो सरळ उपासनेत वाचून दाखवला. काका मागच्या बाकावर मान खाली घालून बसले होते, चोरी पकडली गेल्यासारखे. कागदावर एवढंच होतं:

दार उघडं ठेवलंय,
पण अंथरूण एकच आहे.
येणारा राजा असेल तर
त्याला सांगा, आम्ही खाली झोपू.

तेव्हापासून दर काळाला काकांची कविता ठरलेली. त्यांना कवी म्हटलं तर ते मागे वळून बघत, दुसऱ्याच कुणाला म्हणतायत असं समजून. त्यांच्या कवितेत शिंपीच बोले. नाताळची एक कविता ऐकून तर बायकांनी पदराने डोळे पुसले:

सगळ्यांनी सगळं आणलं,
सोनं आणलं, ऊद आणला, गंधरस आणला.
अंगडं कुणीच आणलं नाही.
आई, तेवढं माप सांग,
उजाडायच्या आत शिवून देतो.

या कवितांची पहिली ऐकणारी एकच, काकू. काका कापायचे आणि मशीन मारायचे, काकू काजं करायच्या, बटणं लावायच्या, तुरपाई करायच्या. दोघांच्या मधे कापडाचा ढीग आणि चहाचे दोन कप. ओळी जुळल्या की काका मशीन थांबवून म्हणून दाखवत, आणि काकू सुई हातातली न सोडता निकाल देत. "दुसरी ओळ खांद्यात ओढतेय." "हे कडवं लांबलंय, खाली दुमडा." "शेवट ढिला आहे, आत घ्या." काका चिडत आणि मग मुकाट्याने आत घेत. पहिल्याच ट्रायलला बरोबर बसली, असं काकूंनी आजवर कधी म्हटलेलं नव्हतं. कविता चर्चमध्ये वाचून झाली की तिचा कागद काकूच पुन्हा वापरून टाकत. गल्लीतल्या निम्म्या पोरांच्या गणवेशाच्या चड्ड्या नाताळच्या आणि पेन्टेकॉस्टच्या कवितांवर बेतलेल्या होत्या, हे त्या पोरांना कधी कळलं नाही.

नाताळचं पांढरं वस्त्र उतरलं आणि काकूंचं पोट दुखायला लागलं. आधी घरगुती उपाय झाले, मग गल्लीतले डॉक्टर झाले, मग मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या. तिथल्या डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगायला सुरुवात केली, तर काकू म्हणाल्या, "पोट माझं आहे, मला सांगा." मग डॉक्टरांनी दोघांनाही सांगितलं. आता कापाकापी करून उपयोग नाही. दुखू नये म्हणून औषध देऊ. फार पुढचं काही विचारू नका.

घरी येताना बसमध्ये काकू बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत होत्या. मग म्हणाल्या, "यंदा ईस्टर कधी आहे हो?"

असलं कुणी विचारायच्या आधीच काका सांगून टाकत, आणि त्यांना कधी आठवावं लागत नसे. त्या दिवशी मात्र ते खिडकीबाहेर बघू लागले. "यंदा उशिरा आहे," ते शेवटी म्हणाले.

"बघा," काकू म्हणाल्या. "दरवर्षी मेला घाईघाईने येतो, माझी तुरपाई होत नाही. यंदाच कुठे अडलाय कुणास ठाऊक."

राखेच्या बुधवारी काकू चर्चला आल्या, त्यानंतर आल्या नाहीत. पाळकसाहेबांनी सगळ्यांच्या कपाळावर राखेचा क्रूस काढला, वेदीवर जांभळं चढलेलं होतं, आणि काकांनी कविता वाचली:

राखेचं बोट कपाळाला लागलं.
म्हणे, माती आहेस, मातीत जाशील.
ठाऊक आहे, प्रभू.
इतक्या घाईने सांगायला नको होतं.

बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, "देवाकडे तक्रार केलीत काय?"

"केली."

"बरं केलंत. पण घाईने मधला घा जरा जड पडला." आणि त्या काकांच्या दंडाला धरून पायऱ्या उतरल्या.

काकूंचा पलंग काकांनी पुढच्या खोलीत, दुकानातच, आणला. एका बाजूला मशीन, दुसऱ्या बाजूला कापायचं टेबल, मधे पलंग. गिऱ्हाइकं माप द्यायला आली की काकूंची विचारपूस करत आणि काकू पलंगावरूनच सांगत, "अहो, यांची उजवी बाही जरा लांब ठेवा, हात लांब आहे." मुलगी रोज संध्याकाळी कामावरून परस्पर येई, आईला अंघोळ घाली, सूप पाजी. घर चालू होतं. दिवसा बघणाऱ्याला वाटावं, इथे काही विशेष घडत नाहीये.

मग एके दिवशी दुपारी काकूंनी ते मागितलं. काका पँटची चेन बदलत होते. काकू म्हणाल्या, "अहो, ईस्टरची कविता ऐकवा की."

"ईस्टरची? आत्ता?"

"मग कधी? तुम्ही पुढे जाऊन वाचाल तेव्हा मी काय बाकावर बसलेली असणार आहे?"

काकांनी चेन खाली ठेवली. "अगं, अजून उपवासकाळ अर्धासुद्धा झाला नाही. त्याचं त्या दिवशी. आधी कसं वाचणार?"

काकू हळू बोलल्या, पण एकेक शब्द नीट लावून. "दरवर्षी तुम्ही लिहिता, थडगं रिकामं झालं. मी ऐकते, ढिलं असेल तिथे आत घ्यायला लावते. पण इतकी वर्षं ते थडगं दुसऱ्याचं होतं. यंदा आपल्या घरातलं असणार. त्याच्यावर तुम्ही काय लिहिता ते मला ऐकायचंय. मला आत्ता लागणार आहे ते. नंतर माझ्या काय कामाचं?"

"वेळ आली की वाचीन," काका म्हणाले आणि त्यांनी मशीन सुरू केलं.

खरं सांगायचं तर कडकपणा हा त्या दिवशी नुसता आडोसा होता. काकांजवळ कविताच नव्हती. ईस्टरची ओळ त्यांना नेहमी ईस्टरच्या आदल्या दिवशी सुचे, पांढऱ्या वस्त्राला इस्त्री करताना. आणि यंदा आपल्याला ती सुचणारच नाही अशी भीती त्यांना कधीची वाटत होती. थडगं रिकामं असतं हे ते इतकी वर्षं वाचत आले होते. आता पलंगावर बघितलं की त्यांना भरलेलं थडगंच दिसे. हे काकूंना कसं सांगणार? त्यापेक्षा कॅलेंडरवर ढकललेलं बरं.

काकूंनी पुन्हा एकदोनदा विचारलं. काकांचं उत्तर तेच. एका संध्याकाळी हे मुलीच्या कानावर पडलं आणि तिने बापाला मागच्या खोलीत नेलं.

"बाबा, चार ओळी वाचायच्यात. त्यात एवढं काय?"

"त्याला काळ असतो."

"माझ्या लग्नालाही काळ होता. मी थांबले. आईला थांबता येणार नाहीये, कळतंय का तुम्हाला?" तिचा आवाज चढला आणि मग आईला ऐकू जाईल म्हणून तिने तो गिळला. "देव काय तुमचं कॅलेंडर बघून उठला होता का?"

मुलगी डोळे पुसून, चेहरा नीट करून पुन्हा आईजवळ जाऊन बसली. त्या दिवसापासून ती बापाशी कामापुरतंच बोलू लागली.

त्याच आठवड्यातल्या रविवारी चर्चमध्ये लाजरसचा पाठ होता. मार्था आणि मरिया या बहिणींचा भाऊ आजारी पडतो, त्या येशूला निरोप पाठवतात, आणि येशू पोचतो तेव्हा भावाला पुरून चार दिवस झालेले असतात. काकूंना जाता येत नव्हतं म्हणून काकांनी घरी येऊन तो पाठ त्यांना वाचून दाखवला.

"मार्था माझ्यासारखी होती," काकू म्हणाल्या. "तोंडावर सांगितलं, तू वेळेवर आला असतास तर भाऊ गेला नसता. आणि थडग्यावरचा धोंडा काढायला निघाले तर म्हणे, वास येत असेल. बाई व्यवहाराची."

काकांना हसू आलं.

"पण तो रडला का हो?" काकूंनी विचारलं. "येशू. आता दोन मिनिटांत उठवणारच होता की लाजरसला. मग रडला कशाला?"

काका पुस्तक मिटून बसले. हा पाठ त्यांनी आयुष्यभर ऐकला होता आणि हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. "उठवणार हे ठाऊक असलं," ते सावकाश म्हणाले, "तरी माणूस गेलेलं असतंच ना. तेवढ्यापुरतं तरी गेलेलं असतं."

"मग तुम्ही पण रडलात तर चालेल," काकू म्हणाल्या. "उगाच मशीनच्या आवाजात लपून काय रडता?"

त्या दिवसांतच चर्चचं पांढरं वस्त्र दुरुस्तीला घरी आलं. नाताळला मेणबत्तीचं मेण सांडून एका कोपऱ्याला डाग पडला होता आणि खालची दुमड उसवली होती. उपवासकाळात पांढरं उघड्यावर दिसू द्यायचं नाही, हा काकांचा स्वतःचाच नियम. कुणी त्यांना सांगितला नव्हता. वस्त्र ते खाकी चादरीत गुंडाळून ठेवत, आणि मशीनवर घेतलं तरी वर चादर पांघरून, सुईपुरतंच बाहेर काढत. काकू दरवर्षी हसत. "नवरी आणलीय का घरात?" म्हणत. यंदा काही म्हणाल्या नाहीत. औषधाने त्यांना ग्लानी असे, दिवस कुठला आणि वेळ कुठली याचा मेळ बसेनासा झाला होता.

दुमड पुरी झाली. आता ती सगळीकडे सारखी पडतेय का हे बघायचं तर वस्त्र पूर्ण पसरल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. सकाळची वेळ होती. काकूंना नुकतं औषध दिलं होतं आणि त्या झोपल्या होत्या. काकांनी दुकानाचं दार लोटलं, चादर सोडली आणि वस्त्र कापायच्या टेबलावर पसरलं. टेबल पुरेना तेव्हा एक टोक खुर्च्यांवर आणि एक टोक थेट पलंगाच्या कठड्यावर टाकलं. खिडकीतून ऊन येत होतं. खोली एकदम उजळून गेली. काका खाली गुडघ्यांवर बसून टेपने दुमड मोजत होते, तेवढ्यात वरून आवाज आला.

"अहो, मला उठवलं का नाहीत?"

काकांनी मान वर केली. काकू कोपरावर रेलून त्या पांढऱ्या कापडाकडे बघत होत्या. कितीतरी दिवसांत त्यांचा चेहरा असा झाला नव्हता.

"ईस्टर आला आणि तुम्ही मला झोपू दिलंत," त्या म्हणाल्या. "उपासना झाली का? की अजून जायचंय?" आणि मग लहान पोर परीक्षेचा निकाल विचारतं तशा आवाजात, "म्हणजे मी पोचले?"

या घरात पांढरं उघडं दिसलं म्हणजे ईस्टर. हे दुसऱ्या कुठल्याही घरात कुणाला वाटलं नसतं. पांढरं कापड म्हणजे पांढरं कापड. इथे काकांनीच इतकी वर्षं चादरी पांघरून तिला हे शिकवलं होतं. आता खरं सांगायचं म्हणजे तिच्या चेहऱ्यावरचं हे सगळं आपल्या हाताने पुसून टाकायचं. आणि खोटं बोलायचं तर ज्या एका बाबतीत ते जन्मात खोटं बोलले नव्हते, त्याच बाबतीत.

ते गुडघ्यांवर तसेच राहिले. त्यांच्या डोक्यात ईस्टरच्या पहाटेचा पाठ आला, मग्दालाची ती दुसरी मरिया थडग्याजवळच्या बागेत रडत उभी आहे तो. समोर कोण उभं आहे हे तिला कळत नाही. तिला वाटतं माळी आहे. तिने केवढी मोठी चूक केली, आणि तिला कुणी टोकलं नाही. मी माळी नाही बाई, असं येशू म्हणालाच नाही. त्याने फक्त तिला नावाने हाक मारली.

"पोचलीस," काका म्हणाले. "आजच ईस्टर."

"मग वाचा."

"थांब, उठतो." गुडघे धरून ते उठले, मशीनच्या स्टुलावर बसले. हातात कागद नव्हता. खाकी कागदाचा एक तुकडा उचलून त्यांनी समोर धरला, त्यावर एका शाळकरी पोराच्या शर्टाचं माप होतं. आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली, म्हणजे जसजसं सुचेल तसतसं म्हणायला.

माळी समजून विचारलं तिने,
माझं माणूस कुठे ठेवलंस?
त्याने चूक काढली नाही,
नुसतं नाव घेतलं.

मलाही काही दिसत नाही, प्रभू,
डोळे भरलेत.
तू माळी असशील, कुणीही असशील,
हिचं नाव तेवढं लक्षात ठेव.
आणि हाक मारशील तेव्हा
जरा मोठ्याने मार.
हिची झोप फार गाढ असते.



"माझी कुठे गाढ असते?" काकू म्हणाल्या. "घोरता तुम्ही." त्या हसत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी उशीवर चाललं होतं. काकांनी वाट बघितली. आता ती म्हणेल, दुसरं कडवं ओढतंय. म्हणेल, शेवट आत घ्या.

"बरोबर बसलीय," काकू म्हणाल्या.

तेव्हा काकांना कळलं की आता फार दिवस नाहीत. ते स्टुलावरून उठले आणि पलंगाच्या कडेला बसून रडले. या वेळी मशीन बंद होतं. काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हालेलुया म्हणा की. इतके दिवस दाबून ठेवलंय." काकांनी म्हटलं. मोठ्याने म्हणता आलं नाही, पण म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब काकूंना प्रभुभोजन द्यायला आले. तरुण माणूस, पाळकपण नवंच. गळ्यात उपवासकाळाचा जांभळा पट्टा. मुलगीही रजा घेऊन आली होती. पाळकसाहेब दारातून आत येतात न येतात तोच काकू पलंगावरून म्हणाल्या, "ख्रिस्त उठला आहे, पाळकसाहेब."

हे ईस्टरचं अभिवादन. त्याला ठरलेलं उत्तर असतं, आणि ते उत्तर उपवासकाळात कुणी देत नाही. पाळकसाहेब गोंधळले. त्यांनी काकांकडे बघितलं. पांढरं वस्त्र अजून टेबलावर तसंच उघडं पसरलेलं होतं; काकांनी ते झाकलं नव्हतं. काका म्हणाले, "आमच्याकडे काल झाला." बस, एवढंच. मुलगी बापाकडे बघत राहिली.

पाळकसाहेबांनी गळ्यातला जांभळा पट्टा काढला, घडी करून खिशात ठेवला आणि पलंगाजवळ जाऊन म्हणाले, "खरोखर उठला आहे." मग त्यांनी काकूंना भाकर आणि द्राक्षारस दिला. भाकरीचा तुकडा काकूंना गिळवेना, मुलीने चमच्याने पाणी पाजलं.

जाताना दारात काका हळूच म्हणाले, "पाळकसाहेब, मी तिच्याशी खोटं बोललो."

"मीसुद्धा आत्ता बोललो, काका," पाळकसाहेब म्हणाले. "पण मला ते खोटं वाटलं नाही. तुम्हाला वाटतंय का?"

"माहीत नाही," काका म्हणाले, आणि ते खरोखरच माहीत नव्हतं.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारच्या आधीच काकू गेल्या. दुपारी गेल्या, मुलीच्या हातात हात होता. काका मशीनवर होते, एका गिऱ्हाइकाचा कोट संध्याकाळी द्यायचा होता. मुलगी म्हणाली, "बाबा, मशीन थांबवा." त्यांनी थांबवलं. काकूंना पुरलं तेव्हा वेदीवर जांभळं होतं, आणि रीतीप्रमाणे हालेलुया नव्हता. कबरीपाशी कुणीतरी काकांना म्हणालं, दोन ओळी म्हणा. काकांनी नकारार्थी मान हलवली. मुलीने त्यांचा हात घट्ट धरला आणि घरी येईपर्यंत सोडला नाही. आता ती बापाशी पुन्हा पहिल्यासारखी बोलू लागली होती, पण ऐकणारा बाप कुठेतरी दूरच असे.

खरा ईस्टर उजाडला. काकांनी आदल्या दिवशी स्वतः जाऊन वेदीवर पांढरं वस्त्र चढवलं, दुमड सगळीकडे सारखी पडलीय हे बघितलं. सकाळी चर्च माणसांनी भरलं. शास्त्रपाठ झाला, बागेतला, मरियेचा आणि माळ्याचा. पाळकसाहेबांनी आधीच येऊन सांगितलं होतं, काका, यंदा नको, कुणी काही म्हणणार नाही. पण पाठ संपला तसे काका उठले आणि सवयीने पुढे जाऊन उभे राहिले. लोक त्यांच्याकडे बघत होते. मुलगी पहिल्या बाकावर ओढणीचं टोक मुठीत धरून बसली होती.

काकांच्या हातात कागद नव्हता. ते म्हणाले, "आमच्या घरी यंदा ईस्टर आधीच होऊन गेला. कविता तेव्हाच वाचली. दुसरी नाही माझ्याजवळ."

ते खाली उतरून मुलीशेजारी बसले. पाळकसाहेबांनी गीताचा क्रमांक सांगितला. पेटी वाजायला लागली, सगळे उठून उभे राहिले, काकाही राहिले. गीतात हालेलुया आलं तेव्हा लोकांनी छत उडेल अशा आवाजात म्हटलं. काकांनी तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. लग्न झाल्यापासून एकही ईस्टर त्यांनी काकूंशिवाय केला नव्हता, आणि तिच्याशिवाय तो कसा करायचा असतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं.